गच्चीवरची वीज आणि वाटीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आजवर डॉक्टर, प्राध्यापिका, लेखिका अशा नामवंत स्त्रियांना मिळत आला आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले, याचे कारण माझी विद्वत्ता नव्हे. आपल्या वस्तीत गच्चीवर सोलर बसविणारे पहिले घर आमचे, आणि ते बसविताना हिशेबात चुकलेले पहिले घरही आमचेच! चौतीस वर्षे शाळेत मुलींना नफातोटा शिकविलेल्या बाईने स्वतःच्या घरी तोटा करून घ्यावा, ही गंमत सर्वांना ऐकवावी असे चिटणीसबाईंच्या मनात आले असावे. मलाही वाटले, की आपली चूक चारचौघींत सांगितली तर निदान पुढच्या दहाजणींचे पैसे वाचतील. म्हणून उभी राहिले आहे.

गोष्ट अशी झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजना जाहीर झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सोलर बसवावयाचे, आणि त्यासाठी घरमालकाला मदत द्यावयाची, अशी ती योजना. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये. ७८,००० च्या पुढे मदत वाढत नाही, संच कितीही मोठा घ्या. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा, कारण माझी चूक नेमकी तिथेच झाली.

आमच्या घरी महिन्याला सरासरी ३०० युनिटे वीज लागते. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे ४ युनिटे देतो. पावसाळा, ढग, धूळ हे सगळे धरून महिन्याला सरासरी ११० युनिटे होतात. म्हणजे तीन किलोवॅटमध्ये आमचे भागत होते. पण संच विकणारे गृहस्थ आले, चहा घेतला आणि म्हणाले, “बाई, पाच किलोवॅटच घ्या. उरलेली वीज कंपनीला विकता येते. घरबसल्या उत्पन्न सुरू होईल.” उत्पन्न म्हटल्यावर ह्यांचे डोळे चमकले, आणि खरे सांगावयाचे तर माझेही चमकले. बँकेतील ठेव मोडली आणि पाच किलोवॅट बसविले. मदत मिळाली ती तीन किलोवॅटवाल्याला मिळते तेवढीच. वरच्या दोन किलोवॅटचा सगळा भार आमच्याच ठेवीवर पडला.

आता ही वीज विकणे म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. आपण शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतो आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर परत करतो. वाटीला वाटी. त्यात साखरेचा भाव कोणी विचारीत नाही. गच्चीवरच्या विजेचा व्यवहार पुष्कळसा तसाच आहे. दुपारी ऊन भरपूर असते आणि घरात माणूस नसते. तेव्हाची जास्तीची वीज तारेवरून बाहेर जाते. संध्याकाळी ऊन नसते, पण घरात दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सगळे चालू होते. तेव्हा आपण तारेवरून वीज परत घेतो. किती दिली आणि किती घेतली, हे दोन्ही मोजणारा मीटर असतो, त्याला नेट मीटर म्हणतात. महिन्याच्या शेवटी घेतलेल्यातून दिलेली वजा करतात आणि उरलेल्या युनिटांचे बिल येते. दिलेली जास्त असली तर ती पुढच्या महिन्यात जमा धरतात.

इथवर शेजारधर्म आहे. पण ३१ मार्चला हा हिशेब मिटतो. वर्षभरात परत न घेतलेल्या ज्या वाट्या उरतात, त्यांचे पैसे मिळतात. आणि पैसे म्हटले की शेजारीण जाऊन तिथे वाणी येतो! आपण ज्या भावाने वीज घेतो, त्याहून हा भाव पुष्कळच कमी असतो. आमच्या पाच किलोवॅटने वर्षाला सुमारे ६,६०० युनिटे दिली. आम्ही ३,६०० वापरली. उरली ३,०००. त्यांचे जे पैसे हाती आले, ते मोडलेल्या ठेवीवरील व्याजाच्या पासंगालाही पुरले नाहीत. माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलीनेही हे गणित आधी करून पाहिले असते. मी केले नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की संच आपल्या वापराएवढाच घ्यावा. मागच्या बारा महिन्यांची बिले पुढ्यात घेऊन बसा, युनिटांची बेरीज करा आणि बाराने भागा. आलेल्या आकड्याला ११० ने भागले, की किती किलोवॅट हवे ते कळते. यासाठी कोणा विक्रेत्याला चहा पाजण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट बिलाच्या पायऱ्यांची. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा, ३०१ ते ५०० ला आणखी चढा, अशा पायऱ्या असतात. सोलरची वीज वजा होते ती वरच्या पायरीकडून. समजा एका घरी ३५० युनिटे लागतात. तिथे सोलरची पहिली ५० युनिटे सर्वांत महागड्या पायरीतली वाचवितात, पुढची २०० मधल्या पायरीतली, आणि शेवटची १०० तळाच्या स्वस्त पायरीतली. म्हणजे पहिला किलोवॅट सर्वांत जास्त कमावितो आणि शेवटचा सर्वांत कमी. ज्यांचे बिल मुळातच ८०-९० युनिटांचे आहे, त्यांनी कर्ज काढून सोलर बसविण्याची घाई करू नये, असे मी स्पष्टच सांगते. शिवाय ‘शून्य बिल’ हा शब्द जाहिरातीत शोभतो. स्थिर आकार हा वीज वापरा की न वापरा, भरावाच लागतो.

तिसरी गोष्ट मला एका दुपारी कळली, आणि तीही फजिती होऊन. श्रावणातला दिवस होता. सर येऊन गेली होती आणि पाठोपाठ लख्ख ऊन पडले होते. वस्तीतली वीज गेली. मी मोठ्या ऐटीत पंख्याचे बटण दाबले, पण पंखा ढिम्म! शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, “काय हो बाई, तुमच्याकडे तर सूर्य आहे ना?” मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. विक्रेत्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग माहिती काढली. तारेला जोडलेला साधा सोलर संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो, आणि तो तसा व्हावाच लागतो. नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला आमच्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसेल. कोणाच्या तरी मुलाचा जीव वाचावा म्हणून आमचा पंखा तासभर थांबतो, हे कळल्यावर माझा राग गेला. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि त्याला लागणारा निराळा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा. तो आधी विचारून घ्यावा.

आता तुम्ही विचाराल, की वीज तीच, तार तीच, मग घेताना महाग आणि देताना स्वस्त, हा कुठला न्याय? हा प्रश्न मीही रागारागाने विचारीत होते. पण नीट पाहिल्यावर दुसरी बाजूही दिसली.

समजा आपल्या आळीतल्या सगळ्याच बायका दुपारी दोन वाजता एकाच शेजारणीकडे साखरेच्या वाट्या घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी सात वाजता सगळ्याच परत मागावयास आल्या. त्या बिचारीने दुपारी इतकी साखर ठेवावयाची कुठे आणि संध्याकाळी द्यावयाची कुठून? त्यात वीज ही साखरेसारखी डब्यात भरून ठेवता येत नाही. ठेवावयाची तर बॅटरी लागते, नाहीतर पाणी वर चढवून ठेवावे लागते. दुपारी सगळीकडे ऊन असते, तेव्हा वीज उदंड होते. संध्याकाळी मात्र चंद्रपूर-कोराडीचा कोळसा जाळावा लागतो आणि कोयनेचे पाणी सोडावे लागते. दुपारचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट दिसावयास सारखे असले तरी मोलाने सारखे नाहीत.

हा अनुभव आपल्या आधी दुसऱ्या देशांनी घेतला आहे. जर्मनीने २००० साली कायदा करून गच्चीवरच्या विजेला वीस वर्षांसाठी ठरावीक चढा भाव दिला. पॅनेल तेव्हा फार महाग होती, लोकांनी पुढे यावे हा हेतू. लोक आले, पॅनेल स्वस्त झाली, आणि नव्याने येणाऱ्यांचा भाव पायरीपायरीने उतरविला गेला. ब्रिटनने २०१० मध्ये अशीच योजना सुरू केली आणि २०१९ च्या मार्चअखेर ती नव्या लोकांसाठी बंद केली. १ जानेवारी २०२० पासून तिथे मोठ्या वीज कंपन्यांना घरांची जास्तीची वीज विकत घेण्याचा भाव सांगावा लागतो. ज्या कंपनीचा भाव बरा वाटेल तिला घरमालक वीज देतो, जसे आपण दोन दुकानांत विचारून रद्दी घालतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात तर २००९ साली सुरू झालेल्या योजनेत युनिटाला ६० सेंट मिळत. ती योजना २०२४ मध्ये संपली. तिथल्या आयोगाने ठरविलेला किमान भाव २०२४-२५ साठी ३.३ सेंट होता आणि २०२५-२६ साठी अवघा ०.०४ सेंट! तिथे एवढ्या घरांवर सोलर झाले आहे, की भर दुपारी त्या विजेला गिऱ्हाईकच उरत नाही.

आपल्याकडे वीजविक्रीची अशी दुकाने नाहीत. मुंबईची गोष्ट निराळी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर उपनगरांतल्या घरांना दोन कंपन्यांमधून एक निवडता येऊ लागली. आपल्याला मात्र एकच दुकान, आणि त्याचा भाव ठरवितो तो राज्य वीज नियामक आयोग. आज आपल्याला वाटीला वाटी मिळते, ही आयोगाच्या नियमांची सवलत आहे. ती कायमची आहे असे धरून चालू नये. २०२३ साली केंद्र सरकारने नियम केला, की स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांना उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग असावी. यातूनच पुढचा प्रश्न निघतो. दुपारी दिलेली वाटी फक्त दुपारीच परत घेता यावी, की संध्याकाळीही? २०२५ सालच्या दरनिश्चितीच्या वेळी आपल्या राज्यात या प्रश्नावर बरीच खडाजंगी झाली. हे आदेश बदलत असतात, म्हणून संच घेण्यापूर्वी त्या वेळी चालू असलेला आदेश विचारून घ्या. आणि सवय आतापासूनच लावून ठेवा. कपड्यांचे मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर, इडलीचे वाटण ही कामे दुपारी उरकावीत. वाटीला वाटी मिळते तोवर या सवयीने आपल्या बिलात मोठासा फरक पडणार नाही, हे मी कबूल करते. पण नियम फिरला तर ज्या घराला दुपारची सवय आहे ते घर डगमगणार नाही. दुसऱ्याला विकलेल्या युनिटापेक्षा आपण वापरलेले युनिट मोलाचे, हा सगळ्या देशांच्या अनुभवाचा अर्क आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण पत्करले, तिच्याकडे वळते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एक दिवस भांडी घासता घासता म्हणाल्या, “बाई, तुमचं बिल जवळजवळ गेलं म्हणता. आमचं का हो वाढलं?” त्या पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात. छप्पर घरमालकाचे, मीटरही त्याच्याच नावावर.

मी त्यांना दुसरीच काहीतरी कारणे सांगितली. दर वाढला, उन्हाळा होता, पंखा रात्रभर चालतो. ती कारणे खोटी नव्हती. माझ्या गच्चीमुळे त्यांचे बिल वाढले असे कोणी म्हणू शकणार नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला चैन पडेना. बिलात ‘वहन आकार’ नावाची एक ओळ असते. खांब, तारा, रोहित्रे, वायरमनचा पगार हा खर्च त्या ओळीतून युनिटामागे वसूल होतो. माझी युनिटे वजा होऊन शून्यावर आली, की त्या ओळीतही मी शून्यावर येते. पण रोज संध्याकाळी मी तीच तार वापरते, तोच खांब वापरते. छप्पर असलेल्या दहा घरांनी असे केले तर कोणाला कळणार नाही. हजारो घरांनी केले तर तो खर्च कोणाच्या तरी बिलात जाईलच, आणि ते बिल छप्पर नसलेल्याचे असेल. मावशींचा प्रश्न कारणाच्या दृष्टीने चुकला असेल, पण न्यायाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता.

याचा अर्थ सोलर बसवू नये असा मुळीच नाही. आमच्या गच्चीने वर्षभरात जेवढी वीज दिली तेवढा कोळसा कमीच जळला. पण उन्हाचा लाभ ज्याच्या नावावर छप्पर त्यालाच, असे होता कामा नये. वाटा आहेत. दिल्लीत २०१९ पासून एका संचाची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा करण्याची सोय झाली. लखनौमध्ये २०२०-२१ च्या सुमारास एका घरच्या सोलरची वीज शेजारच्या घराने थेट विकत घ्यावयाची, असा प्रयोग झाला. हे सगळे आपल्या आळीत कधी येईल ते येवो. आज आपल्या हातात जे आहे, त्याबद्दल माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना सोसायट्यांत राहणाऱ्या भगिनींना. गच्ची सर्वांची असते, वरच्या मजल्याची नव्हे. तेव्हा पहिला संच सामाईक मीटरवर बसवावा. जिन्याचे दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप यांचे बिल सगळे मिळून भरतात, ते कमी झाले की तळमजल्यावरच्या आजींपासून भाडेकरूपर्यंत सर्वांचा भार हलका होतो. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मदत ठेवली आहे. पंप तर दुपारीच चालवावा. ऊन तेव्हाच असते, आणि टाकी ही पाण्याची का होईना, पण साठवणच आहे!

दुसरी सूचना, मंडळाने एक ‘बिल वाचन’ वर्ग घ्यावा. महिन्यातून एका शनिवारी आपापली बिले घेऊन यावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क या ओळी कशा वाचावयाच्या ते मी शिकवीन. फी नाही, पण पेन्सिल आणि पाटी स्वतःची आणावी. ज्यांना संच घ्यावयाचा आहे, त्यांचे गणित आपण सगळ्या मिळून करू. अर्जाची भीती बाळगू नये. केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट राहिलेली नाही.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दर ठरविण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती ऐकून घ्याव्या लागतात. तिथे कारखानदारांचे वकील जातात, कंपनीचे अधिकारी जातात. रोज संध्याकाळी सात वाजता बटण दाबणारी बाई मात्र तिथे कधी दिसत नाही. पुढच्या वेळी आपल्या मंडळाच्या नावे एक पत्र जावे, असे मला वाटते. त्या पत्रात दोन मागण्या असाव्यात. लहान घरांची वाटीला वाटी टिकावी, ही एक. आणि छप्पर नसलेल्यांनाही सामाईक संचात वाटा घेता यावा, ही दुसरी. पहिली मागणी माझ्या फायद्याची आहे. म्हणूनच दुसरीशिवाय ती पाठवू नये, असा माझा आग्रह आहे.

मावशींना मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांना सांगितले होते, की तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी एकटी देऊ शकत नाही, म्हणून तो सगळ्यांपुढे ठेवते. तो मी ठेवला आहे. पुढच्या वर्धापनदिनी त्यांना उत्तर देण्याचे काम आपणा सर्वांचे.

 बाहेर चहा तयार आहे, आणि सभागृहाचे पंखे निघताना बंद करण्याची आठवण कृपया ठेवावी.